रोज एक खांब

माझ्याकडे सायकल नाही, कधीच नव्हती. तरी मी एकदा राळेगावात सलीमभाईंच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "हवा भरायची आहे." सलीमभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. माझ्या डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मागे रस्त्यावर पाहिलं. मग फार अदबीनं विचारलं, "कशात, बेटा?"

याला कारण बेबीमावशी.

बाबांची बदली राळेगावला झाली, तेव्हा आम्ही भाड्यानं घेतलेल्या घरासमोरच ती राहायची. मधे आठ फुटांची गल्ली. मी खिडकीशी बसून लॅपटॉपवर एका कंपनीचे इंग्रजी मजकूर तपासायचे. त्या कामात दिवसभर कोणाशी बोलावं लागत नाही, म्हणूनच मी ते घेतलं होतं. समोर ओट्यावर मावशीचे यजमान देवराव शिलाई मशीनवर बसलेले असायचे. त्यांना गुडघ्यांचा त्रास होता आणि तोंडाचा अजिबात नव्हता.

आमच्याकडे बेबी नावाच्या आज्याही असतात, हे मला माहीत होतं. तरी चौपन्न वर्षांच्या बाईला बेबी म्हणायला माझं तोंड उघडेना. पहिले दोन महिने मी तिला हाकच मारली नाही. तिनं ते बरोबर हेरलं. एका सकाळी खिडकीच्या गजाला नाक लावून म्हणाली, "काहून व पोरी, तुले बोलता येत नाई का येते पण पुरवून पुरवून वापरतं?"

मी हसले. तिला ते उत्तर पुरेसं वाटलं नाही.

"असं कर. रोज एक वाक्य. नवीन माणसाले. एकच. दुसरं बोलायचं नाई."

"एका वाक्यानं काय होणार?" मी विचारलं.

"हे आजचं झालं," ती म्हणाली आणि निघून गेली.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी सलीमभाईंकडे गेले होते. काय बोलावं ते रात्रभर ठरवलं होतं. सायकल लागेल, हे तेवढं सुचलं नव्हतं.

बेबीमावशी एका खासगी शाळेत मावशी होती. म्हणजे सगळ्यांच्या आधी येऊन कुलपं काढणं, पाण्याच्या टाक्या भरणं, घंटा देणं आणि बालवाडीतल्या रडणाऱ्या मुलांना कडेवर घेऊन फिरणं. उंच, काटकुळी, आभाळी रंगाची साडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ती गल्लीत शिरली की आधी किल्ल्या ऐकू यायच्या. तिचं एकच म्हणणं होतं, आणि ते ती पाण्यापासून लग्नापर्यंत कशालाही लावायची: "एकदम कायले? रोज जरासं."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी नालीचं पाणी साचायचं. लोक अर्ज करत होते. मावशी रोज शाळेतून येताना पिशवीत एक चपटा दगड आणायची आणि तिथं टाकायची. आम्ही आलो तेव्हा त्याला तीन वर्षं झाली होती. बारा पावलांची चांगली फरसबंदी झाली होती आणि अर्ज करणारे त्यावरूनच अर्ज करायला जात होते.

सगळेच बेत मात्र इतके सरळ जायचे नाहीत. घर मोकळं व्हावं म्हणून तिनं ठरवलं, रोज एक निकामी वस्तू बाहेर काढायची. पहिले दोन महिने गल्लीनं तिचं कौतुक केलं. फुटके डबे गेले, बिनदांड्याच्या छत्र्या गेल्या, एका पायाची चप्पल गेली. मग निकामी वस्तू संपल्या, पण सवय संपेना. एका दुपारी देवरावांनी गुडघे सांभाळत गल्ली ओलांडली आणि मुका झालेला एक रेडिओ माझ्या खिडकीतून आत सरकवला.

"हे तुझ्यापाशी ठेव, बाप्पा. काल माह्या शर्टाचं कॉलर पाहून राह्यली होती ते. आज रेडिओकडं पाहते."

"पण हा वाजत नाही ना?"

"मी बी कुठं वाजतो? उद्या मलेच उकिरड्यावर नेऊन ठेवन."

तो रेडिओ आमच्या कपाटात माझ्या शाळेच्या गॅदरिंगच्या चषकाशेजारी राहिला. मावशीला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. फक्त ती दर आठवड्याला मला विचारायची, "रेडिओ बरा हाय ना त्यायचा?"

मार्चच्या शेवटी ती शाळेतून आली, तेव्हा किल्ल्या वाजल्या नाहीत. तिनं जुडगा मुठीत धरला होता. शाळेनं गावाबाहेर, कळंब रस्त्यावर चार किलोमीटरवर नवी इमारत बांधली होती आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा तिकडं भरणार होती. पावणेसातला कुलूप उघडायचं. त्या वेळी ऑटो मिळत नाही. शाळेची बस आधी आजूबाजूच्या गावांतून मुलं गोळा करते, ती पोहोचते सव्वासातला. शाळेनं तिला सांगितलं होतं की जमलं तर किल्ल्या तुमच्याकडेच राहतील. पहिल्या दिवशी वेळेवर कुलूप उघडलं नाही, तर नव्या शाळेजवळची एखादी बाई बघावी लागेल.

"पायी जाशील?" देवरावांनी विचारलं.

"जाईन. पण पोहोचल्यावर त्या टाक्या कोण भरन? माहं भूत?"

देवराव मशीनचं चाक हातानं उगाच फिरवत राहिले. त्यांची शिलाई आता दिवसाला दोन-तीन फाटक्या पँटींपुरती उरली होती. त्या किल्ल्यांवर घर चालत होतं, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

मग मावशी घरामागं गेली आणि मुलीची जुनी सायकल घेऊन आली. मुलीला ती शाळेतून मिळाली होती. मुलगी लग्न होऊन पुसदला गेली आणि सायकल कोंबड्यांकडं आली. सीटवर एक कोंबडी बसलेलीच होती.

"तुले सायकल येते?" देवराव म्हणाले.

"नाई."

"मग?"

"तीन महिने हायेत. एकदम कायले?"

आमच्या गल्लीच्या तोंडापासून विजेचे खांब कळंब रस्त्यानं सरळ जातात. मावशीनं ठरवलं, रोज एक खांब. पहिल्या दिवशी पहिल्या खांबापर्यंत. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या. त्याच्या पुढं एक पाऊलही नाही, कितीही जोर आला तरी. पहाटे साडेपाचला, ऊन चढायच्या आत. पोचलेल्या खांबावर देवरावांच्या शिलाईच्या निळ्या खडूनं आकडा घालायचा. देवराव ओट्यावरून ओरडायचे, "माहे खडू कोण खाऊन राह्यलं?" आणि आठ दिवसांनी स्वतःच नवा खडू तिच्या पदराला बांधून द्यायला लागले.

पहिल्या आठवड्यात ती सायकल चालवत नव्हती, सायकल तिला चालवत होती. पण सातव्या खांबाला तिला तोल जमला. विसाव्या खांबानंतर ती ताठ बसून, हनुवटी वर करून, डावी-उजवीकडं न बघता जायची. गल्लीत रोज सकाळी एकच प्रश्न असायचा, "आज कोणता?" मला यात माझा वेगळा फायदा झाला. मी इंग्रजी शाळेतली. एकोणतीस म्हणजे वीसच्या पुढचा का तिसाच्या पुढचा, हे मला नेमकं कळायचं नाही. मी पहाटे दूध आणायच्या निमित्तानं रस्त्यानं लांबवर चालत जायचे आणि खांबावरचा आकडा बघून मनात म्हणायचे. माझे एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास सगळे त्या उन्हाळ्यात पाठ झाले.

मे महिन्यात एकदा सायकल सलीमभाईंकडं गेली. साखळी उतरत होती. मी तिथं होते, कारण सलीमभाई आता माझे नेहमीचे होते. मी रोज त्यांच्या एखाद्या नव्या गिऱ्हाइकाशी एक वाक्य बोलायचे आणि ते मला रोज विचारायचे, "हवा?" त्यांनी सायकल उलटी केली आणि ब्रेकचं रबर बोटानं चाचपलं. परत चाचपलं.

"बेबीताई, किती दिवस झाले सायकल चालवून?"

"दीड महिना होत आला."

"हे रबर तो एकदम नया है. ब्रेक दाबताच नाई तुम्ही?"

"नाई."

"मग थांबता कशा?"

मावशीला प्रश्नच कळला नाही. "खांब येते ना," ती म्हणाली.

सलीमभाई माझ्याकडं बघायला लागले. मी दुसरीकडं बघायला लागले. मग ते अगदी हळू, डॉक्टर विचारतात तसं म्हणाले, "आणि वापस कशा येता?"

"उतरतो, सायकल हातानं फिरवतो, खांब धरून बसतो, येतो."

असं होतं तर. तिनं रोज तेवढंच केलं होतं, त्यामुळं तिला तेवढंच येत होतं. नाकासमोर दोन किलोमीटर ती वाऱ्यासारखी जायची. पण थांबायचं म्हणजे खांबाला मिठी मारायची, आणि वळणं हा प्रकार तिच्या सायकलमधे नव्हताच. सलीमभाईंनी तिला तिथल्या तिथं ब्रेक दाबायला लावला. तिनं दोन्ही हातांनी, एकदम, होती नव्हती तेवढी ताकद लावून दाबला आणि समोरच्या टायरांच्या ढिगात जाऊन बसली. उठली, साडी झटकली आणि म्हणाली, "पाह्यलं? एकदम केलं का असं होते."

त्यानंतर तिनं ब्रेकला हात लावला नाही.

खरी पंचाईत जूनच्या पहिल्या आठवड्यात झाली. एकसष्टाव्या खांबानंतर रस्त्यावर एक पुलिया, म्हणजे छोटा पूल आहे. पुलियाच्या पुढं रस्ता सरळ शाळेकडं जातो, आणि खांब रस्ता सोडून कोणाच्या तरी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वावरातून विहिरीकडं जातात. दुसऱ्या बाजूला एकही खांब नाही. शेवटचा एक किलोमीटर मोकळा. शाळा उघडायला तीन आठवडे राहिले होते.

मावशी त्या दिवशी एकसष्टाव्या खांबाला धरून बराच वेळ उभी राहिली, असं दूधवाल्यानं सांगितलं. घरी आली आणि ओट्यावर पाय सोडून बसली. मी तिला पहिल्यांदाच काही न करता बसलेली बघत होते. किल्ल्यांचा जुडगा तिनं काढून बाजूला ठेवला होता.

"देऊन टाकतो किल्ल्या," ती म्हणाली.

देवरावांनी मशीन थांबवलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अवं, खांबच पाह्यजे ना तुले?" ते म्हणाले. "मी काय करून राह्यलो मग?"

दुसऱ्या दिवशी पहाटे सलीमभाईंनी देवरावांना आपल्या मोपेडवर मागं बसवलं आणि पुलियाच्या पुढं, पन्नास पावलं मोजून, रस्त्याच्या डाव्या कडेला नेऊन उभं केलं. देवराव हात अंगाशी धरून ताठ उभे राहिले. लांबून किल्ल्या ऐकू आल्या. मावशी आली आणि तिनं नवऱ्याला घट्ट मिठी मारून सायकल थांबवली. मग पदराचा खडू सोडला आणि, सवयच ती, त्यांच्या सदऱ्यावर पाठीमागं बासष्ट घातला.

देवराव तो सदरा दिवसभर घालून होते. "लग्नाले तीस वर्षं झाले," ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, "भर रस्त्यावर मिठी आता भेटून राह्यली."

पण देवरावांचे गुडघे सहा दिवसांत बसले. मावशी खिडकीशी आली. मला बघत राहिली. मी म्हणाले, "मावशी, रस्त्यावर लोक असतात."

"तू कायले लोकायकडं पाह्यतं? खांब पाह्यते का?"

म्हणून अडुसष्टावा खांब मी होते. पहाटे पावणेसहा, कळंब रस्ता, मी एकटी, हात अंगाशी. सलीमभाई मला सोडून पुलियावर बिडी ओढायला गेले होते. मी देवाला एवढंच म्हणत होते की कोणी येऊ नये. तेवढ्यात एक मोटरसायकल आली, पुढं गेली, थांबली आणि पाय टेकत टेकत मागं आली. भाजीची दोन पोती मागं बांधलेला माणूस होता.

"मॅडम, गाडी बंद पडली का? एसटीची वाट पाहून राह्यल्या?"

"नाही," मी म्हणाले. एवढ्यावर तो जाईल असं वाटलं. गेला नाही. मग मी त्या दिवसाचं माझं वाक्य बोलले.

"मी खांब आहे."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. तारा कुठं आहेत ते पाहिलं असावं. मग समजूतदारपणे मान हलवली, "बरं बरं," म्हणाला आणि निघून गेला. मला त्यानंतर आयुष्यात कोणतंही वाक्य बोलायला जड गेलं नाही, कारण यापेक्षा अवघड वाक्य मराठीत नसावं.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी ती शाळेच्या समोरपर्यंत पोहोचली. ब्याऐंशी. मीच होते. पण फाटक होतं रस्त्याच्या उजव्या बाजूला, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेळेला माणसं खांब म्हणून उभी करायची नाहीत असं तिनं बजावलं होतं. "मास्तर लोक पाह्यतीन. नोकरीवर यायले माणसं लागते म्हणतीन."

"मग वळशील कशी? थांबशील कशी?" मी विचारलं.

"पाहू," ती म्हणाली. तिच्या तोंडून 'रोज जरासं' सोडून दुसरं उत्तर मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्या रात्री समोरचा दिवा उशिरा मालवला.

पहिल्या दिवशी ती सव्वापाचलाच निघाली. देवराव ओट्यावर बसून राहिले, मी खिडकीत. साडेसहा वाजले. पावणेसात वाजले. सात वाजता सलीमभाई मोपेडवर गल्लीत शिरले. ते लांबूनच हसत होते, पण हसताना त्यांना सांगता येईना, म्हणून देवराव त्यांच्यावर भडकले.

सलीमभाई लपून मागं गेले होते. मावशी शाळेसमोर आली, आणि थांबली नाही. वळलीही नाही. ताठ मानेनं, नाकासमोर, शाळा ओलांडून तशीच पुढं गेली. सलीमभाईंनी कपाळावर हात मारला. ती थेट पुढच्या गावापर्यंत गेली. तिथं बसथांब्याला लोखंडी खांब आहे. त्याला धरलं, उतरली, सायकल हातानं फिरवली, परत बसली आणि उलटी आली. आता शाळा तिच्या डाव्या हाताला होती, आणि फाटकाबाहेर, अगदी रस्त्याच्या कडेला, शाळेच्या नावाची पाटी एका भक्कम पाइपावर उभी होती. मावशीनं पाटीला मिठी मारली. सहा चाळीसला कुलूप उघडलं.

"मी कालच पाहून ठेवलं होतं," ती संध्याकाळी म्हणाली. तासभर आधी का निघाली होती, ते आता कळलं. "चूक त्यायची हाय. शाळा रस्त्याच्या भलत्या बाजूले बांधली."

पुढं कितीतरी दिवस ती रोज शाळा सोडून पुढच्या गावाला जायची आणि शाळेत यायची. तिथल्या चहावाल्याला वाटायचं, बाई व्यायामाला येते. मधे एकदा मी विचारलं, वळायचं शिकत का नाहीस. ती म्हणाली, "चालू हाय."

सप्टेंबरात बाबांची यवतमाळला बदली झाली. सामान टेम्पोनं गेलं. रेडिओ मी देवरावांना रीतसर परत केला. त्यांनी तो मशीनखाली कापडाच्या चिंध्यांत लपवला. आई आणि मी पहाटेच्या एसटीनं निघणार होतो. मला वाटलं, मावशी निरोप द्यायला थांबेल. ती तिच्या वेळेला सायकल काढून निघाली.

"मावशी, आज मी जाणार ना."

"माहीत हाय. एकदम रडलं का मले डोकं दुखते. मी सोमवारपासून थोडं थोडं रडून राह्यली. काल संपलं." आणि तिनं पहिल्या खांबाला धरून पायडल मारलं.

गाडी कळंब रस्त्याला लागली तेव्हा उजाडलं होतं. मी खिडकीशी बसून खांब मोजत होते. पावसानं आकडे पुसले होते, पण मला ते पाठ होते. एकोणपन्नास. एकोणसाठ. पुलिया. पुढं रस्त्याच्या डाव्या कडेला आभाळी साडी दिसली, ताठ. शाळेसमोर रस्त्याचं काम चालू होतं. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. शेजारच्या सीटवरच्या एक आजी मला म्हणाल्या, "कोण व त्या? किती ऐटीत चालली बाई." मी सांगायला लागले आणि सांगतच राहिले.

सांगता सांगता मला फाटकासमोरची मुरमाची जागा दिसली. ओल्या मुरमात सायकलच्या चाकाच्या खुणा होत्या, पंधरा-वीस तरी. सगळ्यांत लांबची जवळजवळ सरळ होती, फाटकाच्या खूप पुढं जाऊन कुंपणाला लागलेली. तिच्या अलीकडची थोडी वाकडी. तिच्याही अलीकडची आणखी थोडी. उघडलेल्या पंख्यासारख्या त्या खुणा एकेका दिवसानं फाटकाकडं सरकत आल्या होत्या.

मावशीनं मागं बघितलं नाही. समोर कोणी नाही असं पाहून तिनं हँडल जरासं उजवीकडं घेतलं. मग आणखी जरासं. सायकल रस्ता ओलांडून मुरमात उतरली, सगळ्यांत आतल्या खुणेच्याही आतून गोल फिरली आणि बरोबर फाटकासमोर आली. किल्ल्या मला गाडीतही ऐकू आल्या. वळण इतकं सुरेख होतं की मी आणि शेजारच्या आजी दोघीही उठून उभ्या राहिलो.

आणि मग थांबण्यासाठी बेबीमावशीनं दोन्ही हात सोडले आणि शाळेच्या पाटीला घट्ट मिठी मारली.